गळती

सहाच्या बॅचला ऐरोलीच्या तलावात
माझ्याइतका आवाज कुणाचाच नाही.
पंचवीस मीटर मी जाते
आणि पाणी जातं चारी बाजूंना,
कठड्यावर चढतं, जाळीतून खाली गडप.

हसुराम सर काठावर उकिडवे.
दिवाळ्याचे. वडिलांची होडी खाडीत होती.
"बाय, पान्याला मारतंस कशाला?
डोकं वर काढलंस का नाकापुढं डोंगर हुबा ऱ्हातो,
मंग आपलाच डोंगर आपन चढत बसाचा."

खरंय. जोर केला की
डोक्यापुढे एक लाट उठते, पायांशी दुसरी,
मधल्या खळग्यात मी,
खळगा मीच खणलेला.
दुप्पट वेगाला दुप्पट ताकद पुरत नाही,
आठपटही कमी पडते.

दिवसा मी वीज कंपनीच्या हिशेबात बसते.
फीडरला किती युनिट सोडले,
मीटरवर किती उतरले,
मधले कुठे गेले:
तारा तापल्या, जोड सैल, कुणी आकडे टाकले.
रकान्याचं नाव हानी.
एकोणीस वर्षं भरतेय तो.
आणि सकाळी तोच माझ्या खांद्यांतून वाहतो,
थोडा लेनच्या दोरीवरच्या चकत्या फिरवत,
थोडा भिंतीवर आपटून परत माझ्याच तोंडात,
उरलेला पाणी कोमट करतो म्हणे,
एका फेरीत कपभर चहाही तापणार नाही इतकं.

"खाली जा," बुधवारी सर म्हणाले.
"लाट ही वरच्यांची भानगड.
खालच्या पान्याला तुजा पत्ताच नाय."

भिंत ढकलली. हात कानांना चिकटवले.
मीटरभर खाली
फरशांवरची काळी रेघ,
आणि पाणी मागे सरकत होतं
न चिडता.
मी माझ्या उंचीपेक्षा लांब झाले होते.
वर आले तर दोरीचा लाल भाग मागे राहिलेला,
पाण्यावर चुणीसुद्धा नाही.

उथळ टोकाला पाच वर्षांची मिहिका,
दंडांवर नारिंगी फुगे.
रोज माझ्या लाटांवर वरखाली होत खिदळते.
आज दांडी धरून ताटकळली होती.
"काकू, लाटा नाही आणल्या?"

सरांनी घड्याळ दाखवलं. तीन सेकंद कमी.

मी वळले,
डोकं मुद्दाम वर काढलं
आणि परतीची फेरी
पाय आपटत, धपाधप.
सर ओरडले असतील.
माझे कान पाण्यानं भरलेले होते.