दातेरी चाक

औलूमध्ये मार्च म्हणजे अजून हिवाळाच.
खाली नदी गोठलेली, काठाने सायकली चाललेल्या,
आणि मी सकाळी सहापासून
पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात काय असावं
एवढ्याच प्रश्नावर अडलेली.

अकरा वर्षं एकच डेस्कटॉप.
नाव घेत नाही; नाव घेतलं की लोक बाजू घेतात.
तैस्तोने बसवून दिला होता, कागदगिरणीच्या कचेरीत,
जेवणाच्या सुट्टीत, डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता.
"लिनक्स आहे, ऐला. यात काही आपोआप हलत नाही.
हीच त्याची खुबी."

आणि खरंच काही हललं नाही.
गिरणी बंद पडली, तैस्तो दक्षिणेला गेला,
मी घरी बसून यंत्रांच्या पुस्तिका भाषांतरित करू लागले,
करवतीचा दात, साखळीचा ताण, तेलाची पातळी,
आणि खालची करडी पट्टी होती तिथेच राहिली.
तिच्यावर सहा चौकोन, कामाच्या सहा खोल्या:
तिसऱ्यात शब्दकोश, पाचव्यात हिशेब,
सहावा रिकामा.
सहाव्यात मी कधीच काही ठेवलं नाही.

आता पडदा नवा घेतला.
दाट, लखलखीत, आणि त्यावर माझी अक्षरं
मोहरी सांडल्यासारखी.
जुन्याला एकपट येतं, दुप्पट येतं,
दीडपट त्याला कोणी शिकवलंच नाही.
माझे डोळे एकोणसाठ वर्षांचे;
ते नेमके दीडपटीत राहतात.

शनिवारी पेनड्राइव्हवरून नवा चालवून पाहिला.
त्याने न विचारता अक्षरं मोठी केली.
मी वाचलं. चष्मा न शोधता वाचलं.
एवढ्याशा गोष्टीने गळा दाटला, आता सांगायलाही लाज वाटते.
मग हात गेला, माझ्या नकळत, खाली डावीकडे.
तिथे काही नव्हतं.
काळोखात जिना संपलेला असताना
आणखी एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं,
तसं बोट दचकलं.

डोळे म्हणाले, चला.
बोटं म्हणाली, आम्ही नाही.

मग मी लबाडी केली.
नव्याची पट्टी वरून खाली आणली,
रंग करडा केला, सावल्या पुसल्या,
खिडक्यांचं ते तरंगत येणं बंद केलं,
सहा चौकोन मांडले.
अडीच वाजले, कॉफी गार,
आणि समोर नवा बसला होता
जुन्याचा स्वेटर घालून,
बाह्या जरा लांब.

तैस्तोला फोन लावला.
"तू अजून त्याच्यावरच?" म्हणाला.
त्याने चार वर्षांपूर्वीच बदललाय.
चार वर्षं!
दोन हिवाळे आम्ही बर्फात भोक पाडून
माशांची वाट बघत शेजारी शेजारी बसलो,
आणि या माणसाने अवाक्षर काढलं नाही.
"तू विचारलं नाहीस."
मग बराच वेळ फोनमध्ये नुसता त्याचा श्वास.
"पट्टी मात्र खालीच ठेवलीय मी. डावीकडे."

रविवारी नवा बसवला, जुना न काढता.
लॉगिनच्या पडद्यावर, नावाच्या बाजूला,
एक बारीक दातेरी चाक असतं.
अकरा वर्षांत मी ते दाबलं नव्हतं,
वाटायचं, शोभेचं असेल.
दाबलं की दोघेही येतात, एकाखाली एक,
कोणीच कोणाला हाकलत नाही.
ज्याला निवडाल तो लक्षात राहतो,
पुन्हा चाक दाबेपर्यंत.

आज सोमवार. बारापर्यंत चाळीस पानं द्यायचीत,
साखळी केव्हा घट्ट करावी, केव्हा सैल सोडावी.
जुना निवडला. चष्मा लावला.
पण काम उघडण्याआधी
सहाव्या चौकोनात पहिल्यांदाच एक कागद ठेवला:
नव्याच्या कळींची यादी,
बोटांसाठी,
मोठ्या अक्षरांत.