शेपटाकडून

ट्रॉम्सोत, सूर्य दोन महिन्यांच्या रजेवर असताना,
सिंद्रेनं जुनी टेप नव्या यंत्राला वाचायला दिली.
सन ब्याऐंशी. बोट, दोर, पाण्याची खोली, पाण्याचं तापमान.

पहिली ओळ: दोनशे सत्तावन्न मीटर.
बरोबर. फ्योर्ड तिथं तेवढाच आहे.
त्यानं निवांत कॉफी ओतली.

दुसरी ओळ: अकरा हजार दोनशे पासष्ट.

इतका खोल समुद्र
अख्ख्या पृथ्वीकडे नाही.

फोन केला तेव्हा तोर्ब्योर्ग
माशाचे काटे काढत होती, फोन खांदा आणि कानात धरून.
वय एक्याऐंशी. प्रोग्रॅम तिचाच.
"तीनशे आहेत ते," ती म्हणाली.
"एक आणि चव्वेचाळीस, दोन बाइट.
तू शेपटाकडून खातोयस."

तिच्या यंत्रात थोरला बाइट आधी, याच्या यंत्रात धाकटा.
दोघंही आपापल्या घरी बरोबर.
ताटात मीठ कुठं, चटणी कुठं,
घरच्यांना सांगावं लागत नाही;
तिनंही मेमरीतलं जसंच्या तसं टेपवर उतरवलं होतं.
परकं यंत्र जेवायला येईल
असं तेव्हा कुणाच्या मनात?

"मग पहिली ओळ कशी बरोबर आली?"
"एक आणि एक. कशीही धर, तीच.
असल्या सरळ ओळीच घात करतात."

मग म्हणाली, मी शाळेत असताना
सरकारनं आमचे आकडे फिरवले.
पाच-आणि-वीस म्हणायचं नाही, वीस-पाच म्हणायचं;
टेलिफोनवर घोळ होत होते.
बाई बदलल्या, रेडिओ बदलला.
वडील बोटीवरून शेवटपर्यंत
पाच-आणि-वीसच ओरडत राहिले
आणि मी वहीत गुपचूप फिरवून लिहीत राहिले.

(हे मी पंचवीस म्हणणाऱ्या भाषेत लिहितोय.
तोंडात पाच आधी, कागदावर दोन आधी.
आपल्याला कधी कुणी विचारलं नाही.)

"पहिल्याला दोनशे छप्पन्ननं गुण,
त्यात दुसरा मिळव.
यंत्राला विचारूच नकोस
ते कुठल्या गावचं."

एवढंच. एक ओळ.
समुद्र वर आला, तळ जागेवर बसला,
बोट पुन्हा फ्योर्डमध्ये.

"त्या दिवशी तीनशेवर पाणी किती गार होतं?"
"पाच पूर्णांक दोन."
"मला सहा आठवत होतं," ती म्हणाली,
आणि दुसऱ्या बाजूचे काटे काढायला
तिनं मासा उलटा केला.