शटरवरचा ळ

रात्री नऊला उदगीरची शटरं खाली येतात
तेव्हा तिथं साडेचार वाजलेले असतात.
थंडीत साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेतीन.
कामून तसं, ते आम्रूनं दोनदा समजावलं,
मी दोनदा विसरलो.
मग दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवलं खडूनं,
वळणदार.

फ्लेक्स आल्यापासून लिहिणं तेवढंच राहिलंय.
नंबर प्लेटी,
टँकरवर ‘पिण्यासाठी नाही’,
आणि मध्ये गावांची नावं बदलली
तेव्हा पाट्या रंगवल्या चार महिने.
तिच्या तिकिटात अर्धे पैसे त्या पाट्यांचे आहेत.
तिच्या गावालाही नावं दोन.
नकाशात फ्लॉरेन्स, तिच्या तोंडी फिरेन्झे.
मी म्हटलं, असू दे,
आपल्याला सवय आहे.

तिथल्या पावात मीठ नसतं.
पहिल्या आठवड्यात तिला वाटलं बेकरीवाला विसरला.
खोलीत तिघी. एक जॉर्जियाची, एक पेरू देशाची,
तिनं जवसाची चटणी
दुधात कालवून खाल्ली म्हणे, आणि चांगली म्हणाली.
राहण्याच्या परवान्यासाठी सकाळी सहापासून रांग,
दहाही बोटांचे ठसे.
‘बाबा, सगळं तहसीलवानी,
फक्त झेरॉक्सवाला नाही जवळ.’
शिष्यवृत्तीचा हप्ता दिवाळीत यायचा होता,
नाताळ झाला.
शनिवारी ती एका खानावळीत ताटं धुते
हे मला माहीत आहे, तिच्या आईला नाही.
आईला माहीत आहे, मला माहीत नाही
असं आई समजते.

शिकते काय, तर भिंत.
जुन्या भिंतीवरचं चित्र कसं वाचवायचं.
मला वाटलं, रंगाचं काही नवं असेल.
ती म्हणाली, चुना.
ओल्या चुन्यावर रंग द्यायचा, वाळला की तो भिंतीचा होतो.
म्हणून जेवढं एका दिवसात रंगवून होईल
तेवढाच गिलावा लावायचा सकाळी.
दिवस संपला की उरलेला खरवडून टाकायचा.
जवळून पाहिलं की दिसतात सांधे,
इथं मंगळवार संपला, इथं बुधवार लागला.
संतांच्या तोंडाला एक अख्खा दिवस,
आभाळ मात्र भराभरा.

मी काही बोललो नाही बराच वेळ.
‘हॅलो? आवाज येतोय का?’
येतोय, म्हटलं.
नळेगाव रोडला बियाण्याची जाहिरात रंगवली होती मी,
तू पोटात होतीस त्या साली.
कापसाचं बोंड दुपारपर्यंत झालं,
अक्षरं दुसऱ्या दिवशी.
पांढरा तोच डबा, तरी रंग जुळला नाही.

परवा फोन आला तो वर्गातून.
मास्तरीणबाईंनी प्रत्येकाला सांगितलंय,
आपल्या घरचा एक आकार आणा.
कुणी हंडी आणली, कुणी खिडकीची जाळी.
‘बाबा, तुम्ही ळ काढा. आत्ता. ब्रशनं.
सगळे बघायलेत.’

हाताशी पाटी नव्हती.
बन्सीच्या स्टेशनरीचं शटर होतं समोर.
चहावाल्या इरफाननं फोन धरला,
मी आठ नंबरचा ब्रश बुडवला लालमध्ये.
आधी रेघ.
मग डावं पोट, मग उजवं,
मधे हात उचलायचा नाही,
श्वासही तिथं सोडायचा नाही, अन्‌ मी सोडला,
म्हणून उजवं जरा सुटलं.
फोनमध्ये वीसेक पोरं गप्प.
मग बाईंनी विचारलं, ह्याचा उच्चार?
आम्रूनं सांगितला.
सगळ्यांनी मिळून म्हटलं, ल.
ती हसली. ‘ल नाही. ळ. जीभ मागं.’
पुन्हा, ल.
इरफान म्हणाला, चाचा, इनसे नहीं होगा.
एकाला झालं पण. कोण ते दिसलं नाही,
मागच्या बाकावरून आला तो ळ,
जाड, ओला,
कुणीतरी पहिल्यांदा चिखलात पाय घातल्यासारखा.

सकाळी बन्सी शटरसमोर उभा.
हे काय?
ळ.
ते दिसायलंय. कशाचा?
मला सांगता येईना. कोण काय काय सांगत बसणार.
शाळेचा, म्हटलं.
त्यानं बोट लावून पाहिलं, वाळला होता.
शटर वर ढकललं
आणि अक्षर गुंडाळलं जाऊन आत गेलं,
आधी रेघ.