उतरतंय का चढतंय

केरबा चौगले, वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम वडणगे.
उजव्या खुब्याचं हाड मोडलेलं.
रात्री दहापासून पोटात पाणी नाही,
बीपीची गोळी मात्र सुनेनं पहाटे न चुकता दिलेली.
"घोटभर पाण्यासंगं दिली मॅडम. चुकलं व्हय?"

मी बरगडीखाली प्रोब टेकवते.
पडद्यावर मोठी नीला
त्यांच्या श्वासासरशी मिटते, उघडते.
निम्म्याहून जास्त मिटली तर पुढे धोका, असं पुस्तक म्हणतं.
केरबांची चाळीस टक्के मिटते,
म्हणजे ना धड इकडची, ना तिकडची.

"काय बघताय?"
"आत पाणी किती आहे ते."
दुखणं विसरून हसतात.
"त्ये माझं काम हुतं."

एकतीस वर्षं राजाराम बंधाऱ्यावर
पातळी वाचणारा माणूस.
पावसाळ्यात दर तासाला कंदील, फूट, इंच, वही, फोन.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका,
आणि मधल्या चार फुटांत
अख्खं कोल्हापूर रात्रभर जागं.

कुशीवर वळवतो त्यांना, गुडघे पोटाशी.
म्हातारपणी मणके एकमेकांना बिलगून बसतात,
सुईला वाट द्यायला कुणी सरकत नाही.
तिसऱ्या खेपेला पाण्यासारखा स्वच्छ थेंब.
दीड मिली औषध. वयाकडे बघून कमीच.
"पाय गरम झालं."
मग थोड्या वेळानं,
"आता तर माझं न्हाईतच."

इथून पुढची पंधरा मिनिटं माझी.
रक्तवाहिन्या सैल होतात,
रक्त पायांत उतरून बसकण मारतं,
आणि जुन्या हृदयाला लगबग जमत नाही.
एकशे अडतीस. एकशे अठ्ठावीस.
मी मनात जुळवते: वय, गोळी, उपास, ती नीला,
बोटावरच्या लाल दिव्याची लाट
श्वासागणिक किती बुटकी होते ते.
हिशोब म्हणतो, बहुधा नाही पडणार.

त्यांना बोलतं ठेवायला विचारते,
"पाणी वाढणार, हे कसं कळायचं तुम्हाला?"
"पट्टी मागनं सांगती वो.
आधी फेस येतोय, तांबूस.
मग काटक्या, मग कडंच्या बाभळीवर साप.
एका साली नुसता फेस बघून वरडलो,
चिखलीची माणसं रातोरात हलीवली, म्हसरं सुदीक.
पाणी आलंच न्हाई उंबऱ्यापतोर.
वरीसभर हसत हुती मला."

आणि जांभई देतात.
दात नसलेली, मोठी, सावकाश.

मॉनिटरवर अजून एकशे अठ्ठावीस,
तोही दोन मिनिटांमागचा.
दंडावरचा पट्टा निपचित.
दुसरी जांभई. वरच्या ओठावर ओल.
आकड्यासाठी मी थांबत नाही.
पन्नास मायक्रोग्रॅम, सलाईनची चावी पूर्ण उघडी.
गवंडी सिस्टर माझ्याकडे बघते,
मशीन तर काहीच म्हणालेलं नाही.

पट्टा फुगतो, घुटमळतो, सुटतो.
एकशे चार.

आता हे काय म्हणायचं?
सावरलं, की पडणारच नव्हतं?
काल रात्री डोळ्याला डोळा नव्हता, सून म्हणाली होती.
साधी झोपेची जांभईही असेल.
तक्त्यात न आलेल्या पुराला रकाना नाही.
लिहिते: ११.२०, १०४/५८, औषध दिलं.
कारणाच्या जागी पेन अडतं.
मग लिहिते, जांभई.
उद्या कुणी वाचून हसेल तर हसो.

पडद्यापलीकडे इंगवले सर हातोडी मागतात.
टेबल हादरतं, केरबांची हनुवटी हादरते,
पण हे ठोकणं त्यांना
शेजारच्या घरातलं वाटत असावं.

"किती आलंय?" डोळे मिटूनच विचारतात.
"एकशे चार."
"तसं न्हवं मॅडम. उतरतंय का चढतंय?"

"थांबा," मी म्हणते,
आणि पट्टा पुन्हा फुगायला लागतो.