उभी म्हणजे बंद नव्हे

तेरा दिवस कॅम्परला कुणी हात लावला नव्हता.
चौदाव्या दिवशी मी पाण्याच्या पंपाचं बटण दाबलं
तर तो एकदा कण्हला, आणि संपलं.
रेडिओचं घड्याळ तेवढं मंद जागं होतं.

"कोण खातंय?" ओरिसियाने विचारलं,
तळघरातल्या बटाट्यांना उंदीर लागल्यावर विचारते तसं.
मी म्हटलं, कुणी नाही, गाडी उभीच आहे ना.
ती म्हणाली, मेट्रो, सदतीस वर्षं एलिव्हेटरवर धान्य राखलंस,
उभी म्हणजे बंद नव्हे, हे तुला मी सांगायचं?

रात्रभर वायर ओढून चार्ज केली.
सकाळी डॉफिनच्या कापलेल्या शेतांवर
हिम नुसतं शिंपडल्यासारखं.
आधी मीटरचे चिमटे लावले, मग काळी तार सोडली,
क्षणभरही धार तुटू न देता.
०.३१ अँपियर.
एवढुसं.
पण शंभराच्या बॅटरीला तेरा दिवस पुरे.
थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात,
आटतंही तसंच, फक्त त्याची म्हण कुणी केली नाही.

दार उघडलं की पायरी बाहेर येते, दिवा लागतो, आकडा उडी मारतो.
म्हणून खटक्याला चिकटपट्टी लावून
ओरिसिया आत, फ्यूजच्या पेटीपुढे गुडघ्यांवर,
मी बाहेर, बॅटरीच्या कप्प्यात डोकं घालून.
"लाल, दहा!" "तेवढंच!"
"निळा, पंधरा!" "तेवढंच!"
शेजारचा क्लासेन कुंपणापाशी येऊन थांबला,
आम्ही भांडतोय असं वाटून परत गेला.

आठव्याला आकडा धाडकन खाली.
कपाटामागे, लोकरी टोप्यांच्या आड, नखाएवढा हिरवा दिवा:
अँटेनाचा बूस्टर.
टीव्ही विकून तीन वर्षं झाली.
अँटेना छतावर मिटून पडलेली.
झारीतला शुक्राचार्य निदान धार अडवून बसला होता,
हा धार सोडून बसला,
रात्रंदिवस मोठं करत
कुठूनच न येणारं चित्र.
मला हसू आलं. मग आलं नाही.

नंतर गॅसचा पहारेकरी.
सिलिंडर कधीच शेडमध्ये गेलेला,
तरी हा नाक लावून. त्यालाही सुट्टी.

उरले तीस मिलिअँपियर, फ्यूज एकच, रेडिओचा.
आतून आवाज येईना.
वाकून पाहिलं, तर ती घड्याळाकडे बघत होती.
आठ वाजून बारा.
आमच्याकडे दहा वाजून गेलेले.
पेन्टिक्टनहून परतल्यावर ते पुढे करायचं राहूनच गेलं होतं.
तिथे तिची बहीण स्टेफ्का, खिडकीजवळच्या खुर्चीत,
जूनमधला अख्खा आठवडा
ओरिसियाला "नर्सबाई" म्हणत होती.

"हे तेवढं राहू दे का?"
मी हिशेब केला. फेब्रुवारीअखेर बॅटरी रिकामी.
"भरलेली गोठत नाही, ओरिसिया. रिकामी गोठते, फुटते."
तिने चिमट्याने फ्यूज ओढला. आकडे गेले.
"शून्य!" मी ओरडलो,
गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच.

बॅटरी आता तळघरात, बिटाच्या बरण्यांशेजारी, लाकडी फळीवर.
दर रविवारी मोजतो, चिकटपट्टीवर लिहितो:
१२.७. १२.७. १२.६.

काल रात्री बाहेर वजा अडतीस.
पहाटे तीनला कूस बदलून ती म्हणाली,
"तिकडे एक वाजला असेल."
मी म्हटलं, "झोप. ते घड्याळ बंद केलंय आपण."
"माहितीये," ती म्हणाली,
आणि बराच वेळ छताकडे बघत राहिली.