बेचक्यात

मारेगावच्या वसतिगृहात आम्ही सव्वीस जणी,
नळ दोन, त्यातला एक मुका.
भिंतीवर पाटी: टॉवेल ज्याचा त्याने वापरावा.
अक्षर माझं. मी स्वच्छताप्रमुख होते.

पौषात खिडक्यांच्या फटींतून गारठा शिरायचा
तेव्हा दोघी-तिघी एकाच कथरीत.
छबूचे पाय बर्फ,
रंजू ते पोटाशी घेऊन झोपायची.
एका फणीनं चार वेण्या,
एक स्वेटर आठवडाभर पाच अंगांवरून फिरायचं.
याला आम्ही जीव लावणं म्हणायचो.

मग खाज आली.
दिवसा नाही, रात्री.
लाइट गेली की हॉलभर नखांचा आवाज,
वाळल्या तुरीच्या शेंगा कोणी चोळावं तसा.
बोलायचं कोणीच नाही.
सकाळी सगळ्यांच्या बाह्यांची बटणं लावलेली.

नाव निघालं मैनूचं.
झरीकडच्या पोडावरून आलेली, नवीन,
झोपेत कोलामीत पुटपुटणारी.
"हिच्यापासूनच आली व," शेवंता म्हणाली,
"हे येयाच्या आधी होतं का असं?"
तिची पेटी, कथरी, ताट
आम्ही वऱ्हांड्यात नेऊन ठेवलं.
कथरीचं एक टोक माझ्या हातात होतं.
ती काही बोलली नाही.
फक्त ताट पालथं घातलं,
कुत्र्यानं चाटू नये म्हणून.

चौथ्या दिवशी पुसनाके सिस्टर आल्या.
"हात दाखवा. असे नाही व, बोटं फाकवून."
बेचक्यांत बारीक पुटकुळ्या,
कुठे एखादी वाकडी रेघ, शिसपेन्सिलीनं ओढल्यासारखी.
एकीला, दुसरीला, नवव्या मुलीला, सतराव्या.
मैनूचा हात त्यांनी उलटा केला, सुलटा केला,
खिडकीपाशी नेऊन पाहिला.
"इले तं काहीच नाही."

मग माझा नंबर.
माझ्या मनगटावरचे डाग जुने, काळे पडलेले.
"कधीपासून?"
आठ दिवस, मी म्हणाले.
त्यांनी वहीत लिहिलं: दिवाळी. पुढे प्रश्नचिन्ह.
मावसबहिणीच्या पांघरुणात झोपले होते मी दिवाळीत.
तिथेही जीव लावूनच.

"ज्यायले खाजते त्यायनंबी, ज्यायले नाही खाजत त्यायनंबी,
एकाच रात्री लावाचं. मॅडमनं, सैपाकवाल्या कौसल्याबाईनंबी.
एक जरी राहिली
तं पुन्हा पहिल्यापासून."

मानेपासून तळपायापर्यंत पांढरं औषध.
ओरखड्यांवर झोंबायचं, कोणी हसायचं, कोणी रडायचं.
पाठीला आपला हात पुरत नाही.
माझ्या पाठीमागे कोणी येईना.
बाटली मैनूनं घेतली.
तिचे हात गार.
मधलीच एखादी जागा तिनं मुद्दाम सोडली असेल,
या भीतीनं मी रात्रभर जागी.

सकाळी पऱ्हाट्या पेटवल्या,
मोठ्या गंजात चादरी उकळल्या, काठीनं ढवळल्या.
स्वेटरं खताच्या पोत्यांत कोंबून तोंडं बांधली.
कुंपणभर कथऱ्या, कुठे कोणाच्या आईचं जुनं लुगडं,
कुठे वडिलांचा सदरा, आत शिवलेला,
उन्हात सगळ्यांना दिसत होता.
वर्तमानपत्रावर सव्वीस जणींच्या नखांचा ढीग.
आठ दिवसांनी पुन्हा तेच. औषध, गंज, दोरी.

माझी पाठ पुन्हा खाजली नाही.
एक बोटभर जागासुद्धा सुटली नव्हती.

आता प्रत्येकीची कथरी वेगळी,
मधून एक फरशी मोकळी.
गारठा आहेच.
"रंजू, झोपली का?"
"नाही. पाय?"
"बर्फ."
मग दोघी गप्प.

मैनू आत आली, पण जागा दाराजवळची मागून घेतली.
पाटीवर एक दिवस खडूनं खाडाखोड दिसली:
टॉवेल जिचा तिने वापरावा.
खाली नाव नाही. मी पुसलं नाही.
वर्षभर रोज वाचत होतो आम्ही मुली,
अन् कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

जेवण झालं की ती ताट घासते, पुसते,
आणि अजूनही
पालथं घालून ठेवते.