ओळंबा

टॉडमॉर्डनमध्ये डिसेंबरात चारलाच अंधार पडतो.
जिमच्या वरच्या खोलीत हीटर, मलमाचा वास,
आणि टीगन ॲशवर्थ, वय पंधरा, उजवी विंग,
भावाचे जुने बूट पिशवीत घेऊन.
टाचेत मोज्याचा बोळा कोंबलाय. बसतात, म्हणाली.

कुठे दुखतं?
कुठेच नाही.
मग जिना चढताना कठडा का धरलास?
ती हीटरकडे बघते.
सहा आठवडे, म्हणते शेवटी.
वाटीच्या मागे कुणी वाळू ठेवल्यासारखं.
उतरताना जास्त. सिनेमात बसलं तर त्याहून जास्त.
कोचना सांगू नका, शनिवारी मॅच आहे.

आमच्या भाषेत गुडघा आधीच बदनाम:
अक्कल तिथे, उतावळ्याचं बाशिंग तिथे,
आणि हरल्यावर टेकायचे तेही तेच.
दुखऱ्या गुडघ्याची म्हण मला अजून सापडलेली नाही.
हे मी तिला सांगत नाही.
सांगते: बूट ठेव, या ठोकळ्यावर चढ,
आता एका पायावर, हळू, खाली.

मांडी तिरकी उतरली,
पाऊल आत कलंडलं,
आणि गुडघा दुसऱ्या गुडघ्याकडे झुकला,
शेजारणीच्या कानाशी लागून काही सांगावं तसा.

आरशावर मी दोरा टांगलाय, टोकाला लोखंडी नट.
कमरेचं हाड, वाटी, पायाचं दुसरं बोट,
तिघांनी एका रेषेत यावं ही अपेक्षा.
टीगनची वाटी दोऱ्याच्या दोन बोटं आत.
तिनंही पाहिलं.

म्हणजे माझी बांधणीच चुकलीय?

छापील उत्तर आहे माझ्याकडे, घडीचं, रंगीत:
कंबर रुंद, मांडीचं हाड तिरपं, कोन थोडा मोठा.
त्यात बुटांचं काही नाही,
मुलांचे सामने संपल्यावर मिळणाऱ्या चिखलाचं नाही,
उडी मारून जमिनीवर यायचं कसं
हे तिच्या भावाला सातव्या वर्षी शिकवलं
आणि तिला कुणीच नाही, तेही नाही.

पण मी कागद दिला नाही. बोललेही नाही.
कऱ्हाडच्या एका बोळात मी अकरा वर्षांची पळत होते
आणि मागून, फेंगडी, फेंगडी.
आप्पा हौदावर थापी धूत होते.
मान वर न करता म्हणाले,
ओळंबा भिंतीला लावतात गं, माणसाला नाही.

एकोणीस वर्षं मी माणसांनाच लावतेय.
पगार घेऊन.

नाही, म्हटलं. चुकलेलं काही नाही.
भार कुठून जातो तेवढं बघतोय आपण.
मग मांड्यांभोवती रबरी पट्टा,
आणि खोलीभर आडवं चालणं, खेकड्यासारखं,
भिंतीपासून भिंतीपर्यंत, ती पुढे, मी मागे,
तिला हसू आवरेना, माझा डावा गुडघा कुरकुरला.

तिची आई वर आली, बसकंपनीच्या जाकिटात,
दर पायरीला एक सुस्कारा.
खेळणं बंद करायचं का हिचं?
मी सांगण्याआधी स्वतःच म्हणाली,
मी जन्मात चेंडूला पाय लावला नाही,
माझेही दुखतातच की.

त्या शनिवारी टीगन बाकावर बसली,
पुढचे तीनही शनिवार,
आणि माझ्याशी बोलली नाही.
पट्टा मात्र रोज लावायची, आईनं फोनवर सांगितलं,
टीव्हीसमोर, कुत्र्याला आडवं ओलांडत.

मार्चमध्ये टेकडीवरून बोचरा वारा येत होता.
नवे बूट, तिच्या मापाचे, जांभळे.
चेंडू उंच आला, ती वर गेली,
आणि मी श्वास धरून
ती खाली येण्याची वाट बघत राहिले.

शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, स्कोअर काय झाला?
मला माहीत नव्हतं.
मी उजवा गुडघा बघत होते.